लहान मुलांमध्ये ताप-झटक्यांची साथ आलीय अशी शंका आली तर: बडोद्यातून सारखे विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की दांडिया बाजारपासून वाघोडिया रोडपर्यंत आपल्या सगळ्या मराठी ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो, अमुक गावात मुलं तापाने दगावतायत, हे काय आहे, आपल्याकडे येईल का. मी साथींच्या तपासाच्या कामात आहे, गावोगाव जाऊन माहिती घेणं, याद्या करणं, सॅम्पल नीट पोचतायत ना बघणं हे माझं रोजचं काम, आणि तेच तेच प्रश्न फोनवर येतात म्हणून एकदा सगळं इथे लिहून ठेवतेय. मुलाला आत्ता ताप आणि झटके येत असतील तर मात्र हे वाचत बसू नका, १०८ ला फोन लावा, बाकी सगळं नंतर.

किती मुलं आजारी पडली म्हणजे साथ म्हणायची?

ठरलेला आकडा नसतो हो. त्या भागात, त्या महिन्यात, एरवी जेवढे पेशंट असतात त्यापेक्षा जास्त दिसले की साथीची शंका घ्यायची. जुलैमध्ये साध्या तापाची पन्नास मुलं ओपीडीत आली तर त्यात नवल काही नाही, पण एकाच तालुक्यात आठवड्याभरात दोन धडधाकट मुलं ताप येऊन झटके देऊन बेशुद्ध झाली आणि गेली, तर तेवढ्यावरच टीम निघते, तिसऱ्याची वाट कुणी बघत नाही. आणि पहिलं काम असतं ते खरंच वाढ झालीये का हे बघायचं. कधी काय होतं की तालुक्याला नवीन बालरोगतज्ञ येतात, किंवा एखादी टेस्ट नव्याने सुरू होते, किंवा पेपरात बातमी आल्यामुळे लोक लवकर दाखवायला येतात आणि आकडा वर जातो, आजार तेवढाच असतो. म्हणून आधीच्या वर्षांची रजिस्टरं काढून बसावं लागतं.

सगळे चांदिपुरा चांदिपुरा म्हणतात, ते नक्की आहे काय?

व्हायरस आहे, रेबीजच्याच कुळातला, पण कुत्र्याशी त्याचा काही संबंध नाही, तो सँडफ्लाय नावाची बारीक माशी चावून पसरतो. नाव आपल्या नागपूरकडच्या चांदिपुरा गावावरून पडलंय, १९६५ मध्ये तिथल्या तापाच्या पेशंटच्या रक्तात पुण्याच्या व्हायरस इन्स्टिट्यूटच्या लोकांना तो पहिल्यांदा सापडला. त्यानंतर बरीच वर्षं त्याच्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. मग २००३ मध्ये आंध्रात ३२९ मुलं आजारी पडली आणि त्यातली १८३ गेली, तेव्हा सगळे खडबडून जागे झाले. पुढच्याच वर्षी, २००४ ला, आपल्या बडोद्यासकट पूर्व गुजरातच्या जिल्ह्यांत साथ आली, आकडा लहान होता पण आजारी पडलेल्यांपैकी पाऊण हिश्शापेक्षा जास्त मुलं दगावली. २००७ ला नागपूर विभागात. आणि २०२४ ची तर सगळ्यांना आठवते, जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात मेंदूज्वराच्या २४५ केस आणि ८२ मृत्यू, सगळ्यात जास्त झळ गुजरातला.

आता त्याच आकड्यांमधली एक गोष्ट नीट बघा, २४५ पैकी चांदिपुरा पक्का झाला ६४ जणांमध्ये. म्हणजे बाकीच्या बहुतेक मुलांना तो ठप्पा लावता आला नाही, त्यात दुसरे व्हायरस असतील, बॅक्टेरिया असतील, सॅम्पल उशिरा घेतलेली असतील. म्हणून मी प्रत्येकाला सांगते की आजाराला नाव द्यायची घाई करू नका. एकदा नाव चिकटलं की सगळे तेवढीच टेस्ट करतात, आणि दुसरं काही असेल, ज्यावर औषध आहे असं काही, तर ते हातचं निसटतं.

मग नाव कळायच्या आधी तुम्ही मोजता कुणाला?

लक्षणांवरून मोजतो. त्याला केस डेफिनिशन म्हणतात. मेंदूज्वरासारख्या आजारासाठी साधारण अशी: अचानक आलेला ताप, आणि त्यासोबत मूल बरळतंय, ओळखत नाहीये, गुंगीत आहे, बेशुद्ध आहे, किंवा नव्याने झटके सुरू झालेत. लहान मुलांना तापात येणारा साधा झटका, म्हणजे सहा महिने ते पाच वर्षं वयात, पंधरा मिनिटांच्या आत थांबणारा, दिवसात एकदाच, आणि थोड्या वेळात मूल परत खेळायला लागतं, तो यात धरत नाही. त्यात आम्ही मग गाव आणि तारीख घालतो, अमुक तालुका, अमुक तारखेपासून. सुरुवातीला व्याख्या मुद्दाम सैल ठेवतो म्हणजे कुणी सुटत नाही, आणि माहिती येत गेली की घट्ट करत जातो. यामुळे डॉक्टर बदलला, हॉस्पिटल बदललं तरी सगळे एकाच मापाने मोजतात.

टीम आल्यावर पहिल्या दिवशी करते काय?

लाइन लिस्ट. एक मूल, एक ओळ. वय, मुलगा की मुलगी, गाव, फळियं म्हणजे वस्ती, कुठल्या तारखेला किती वाजता ताप सुरू, उलटी कधी, झटका कधी, दवाखान्यात कधी, शुगर किती, लसी कुठल्या, शेवट काय झाला. दिसायला कारकुनी वाटते पण सगळं त्यातूनच निघतं. तारखा लावून आलेख काढला की दिसतं सगळी मुलं एकाच दोन दिवसांत आजारी पडलीत का, तसं असेल तर लग्नातलं जेवण, पाणी, विष असं काहीतरी एकाच ठिकाणाहून आलेलं असू शकतं; आणि हळूहळू चढत गेलेला डोंगर असेल तर एकाकडून दुसऱ्याला जाणारा आजार मनात येतो. एका गावात एकच मूल आणि गावं लांबलांब विखुरलेली, हे चांदिपुराचं नेहमीचं चित्र. मग वय बघायचं. पंधराच्या आतलीच मुलं, मोठी माणसं त्याच घरात ठणठणीत, यातून पण दिशा मिळते.

आमचं लेकरू आयसीयूत आहे आणि तुम्ही तेच तेच प्रश्न विचारता, का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागतो, आणि विचारणाऱ्याचा राग रास्त आहे. पाद्र्याकडची किंवा छोटा उदेपूरकडची आई वॉर्डच्या बाहेर जमिनीवर बसलेली असते, रात्रभर डोळ्याला डोळा नसतो, आणि आम्ही फाइल घेऊन समोर. पण बघा, आजार नेमका कधी आणि कसा सुरू झाला हे त्या आईशिवाय जगात कुणालाच माहीत नसतं. हॉस्पिटलच्या कागदावर लिहिलेलं असतं "ताप एक दिवस". आईला विचारलं, शेजारी बसून, घाई न करता, की काल नाही परवा संध्याकाळी काय करत होता, तर ती सांगते की परवा गुरांच्या गोठ्यापाशी खेळत होता, रात्री जेवला नाही, लवकर झोपला, पहाटे अंग तापलेलं, सात वाजता उलटी, अकराला डोळे फिरवले. तो "रात्री जेवला नाही" हा तुकडा कुठल्याच केसपेपरवर नसतो. त्याच एका तुकड्याने दुसरीकडे अख्ख्या तपासाचा रोख बदललाय, पुढे सांगते.

आम्ही वेळ विचारताना घड्याळ विचारत नाही, दूध घालून आल्यावर की आधी, शाळा सुटल्यावर की आधी, असं विचारतो. झोपतो कुठे, ओट्यावर की आत, खाटेवर की खाली. भिंती मातीच्या की पक्क्या. गेल्या पंधरा दिवसांत कुठे गावाला गेला होता का. कुठलं औषध दिलं, गावातल्या डॉक्टरने दिलेलं सिरप असेल तर बाटली फेकू नका, आम्हाला दाखवा. कुठला पाला, काढा, डाग, भुवा म्हणजे मांत्रिक, जे काय केलं असेल ते सांगा, आम्ही कुणाला बोल लावायला आलेलो नसतो, आणि टीममधलं कुणी तसं बोललं तर त्याला तिथल्या तिथे गप्प करणं हे माझं काम आहे. वडील आणि आजी वेगळं सांगत असतील तर दोन्ही लिहून घेतो. आशाबेन, म्हणजे गावातल्या आशा कार्यकर्त्या, सोबत असल्या तर फार फरक पडतो, त्यांना त्या घराची सगळी हकिगत माहीत असते.

कमरेतून पाणी काढलं तर पाय जातात म्हणे?

नाही जात. मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खालून सुई घालतात, तिथे नुसतं मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी आणि नसांचे धागे असतात. दोन-तीन मिली पाणी काढतात. मेंदूवर दाब फार वाढलेला असेल किंवा मूल शॉकमध्ये असेल तर डॉक्टर स्वतःच थांबतात, उपचार आधी सुरू करतात. पण शक्य असेल तेव्हा हो म्हणा, कारण बॅक्टेरियाचा मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाची सूज, असेल तर तो त्याच पाण्यातून कळतो आणि त्यावर अँटिबायोटिक आहे.

अजून कुठली सॅम्पल घेतात, आणि रिपोर्टला इतके दिवस का?

रक्त, घशाचा स्वॅब, शौच, कधी लघवी. सगळं थंड ठेवून, बर्फाच्या पेटीत, कागदासकट जावं लागतं, आणि विश्वास ठेवा, कागद हरवल्यामुळे जेवढी सॅम्पल वाया जातात तेवढी रोगामुळे अवघड होत नाहीत. ट्यूबवर नाव आणि तारीख-वेळ नसेल तर त्या ट्यूबचा काही उपयोग नाही. आपल्याकडची सॅम्पल पुण्याला एनआयव्हीत, म्हणजे वर सांगितलेल्या व्हायरस इन्स्टिट्यूटमध्ये, जातात, २०२४ पासून गांधीनगरच्या बायोटेक्नॉलॉजी रिसर्च सेंटरमध्ये पण चांदिपुराची टेस्ट झाली त्यामुळे वेळ वाचला.

वेळेचं गणित असं आहे. शरीर अँटिबॉडी, म्हणजे रोगाशी लढणारी द्रव्यं, बनवायला काही दिवस घेतं. चांदिपुरात मूल लक्षणं सुरू झाल्यापासून दोन-तीन दिवसांत दगावू शकतं, अँटिबॉडी बनायच्या आधीच, म्हणून तिथे व्हायरसच शोधणारी पीसीआर टेस्ट लागते आणि सॅम्पल पहिल्या दिवसाचंच लागतं. जपानी मेंदूज्वरात उलटं, तिथे अँटिबॉडी शोधतात आणि पहिलं सॅम्पल फार लवकरचं असेल तर निगेटिव्ह येऊ शकतं, म्हणून दहाव्या दिवशी किंवा डिस्चार्जच्या वेळी परत रक्त मागतात. मूल बरं झालं, आता कशाला टोचायचं असं म्हणून लोक निघून जातात, कृपा करून जाऊ नका.

रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे काही नव्हतं का?

नव्हतं असं नाही. त्या सॅम्पलमध्ये, त्या दिवशी, ती एक गोष्ट सापडली नाही, एवढाच त्याचा अर्थ. गोरखपूरकडे २००५ च्या मोठ्या साथीनंतर वर्षानुवर्षं मेंदूज्वर म्हणजे जपानी मेंदूज्वर असंच धरून चालले होते, लसीकरण झालं, त्याच्या केस कमी झाल्या, तरी मुलं येतच राहिली, आणि नंतर नीट शोधलं तेव्हा कळलं की त्यातल्या बऱ्याच मुलांना स्क्रब टायफस होता, बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा. त्यावर डॉक्सिसायक्लिन, अझिथ्रोमायसिन अशी साधी स्वस्त औषधं आहेत. वेळेत दिली तर मूल वाचतं. निगेटिव्ह रिपोर्ट हातात आल्यावर "मग दुसरं काय" असं विचारणारा माणूस टीममध्ये असलाच पाहिजे.

इन्फेक्शन नसेलच तर?

हे पण होतं, आणि हेच मला लोकांना सांगावंसं वाटतं. बिहारच्या मुझफ्फरपूरला दर उन्हाळ्यात मुलं पहाटे झटके येऊन बेशुद्ध व्हायची, सगळे व्हायरस शोधत होते. २०१४ मध्ये ३९० मुलं भरती झाली, १२२ गेली. तपासणाऱ्यांनी लक्षणं नीट बघितली तर बऱ्याच मुलांना तापच नव्हता, मेंदूच्या पाण्यात इन्फेक्शनची खूण नव्हती, आणि ज्यांची शुगर मोजली त्यातल्या ६२ टक्के मुलांची ७० किंवा त्याच्या खाली. मग आजारी मुलांची इतर कारणांनी भरती झालेल्या, तेवढ्याच वयाच्या मुलांशी तुलना केली. आजारी मुलांनी लिची खाल्लेली असण्याचं प्रमाण खूप जास्त, आणि रात्रीचं जेवण चुकलेलं. लिचीतली काही द्रव्यं शरीराची साखर बनवायची क्रिया अडवतात, भरल्या पोटी मुलाला चालून जातं, उपाशी झोपलेल्या कुपोषित मुलाला नाही. बघा, "रात्री जेवला नाही" म्हणाले होते ना मी, ते हेच. त्यानंतर सांगितलं काय, तर मुलांना रात्री जेवू घाला आणि असं मूल आलं की लगेच शुगर मोजून ग्लुकोज द्या. ग्लुकोमीटरची एक पट्टी, बोटावर एक टोचणी.

पश्चिम उत्तर प्रदेशात सहारनपूर-बिजनौरकडे मेंदूज्वर समजत होते ते कासविंद्याच्या शेंगा खाल्ल्याने होणारं विष निघालं. आणि अगदी अलीकडे, २०२५ मध्ये, आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात छिंदवाड्याला मुलांना ताप-खोकला होऊन लघवी बंद व्हायला लागली, आधी इन्फेक्शनच शोधलं, पाणी तपासलं, उंदीर तपासले, शेवटी किडनीचा तुकडा तपासल्यावर आणि औषधांच्या बाटल्या बघितल्यावर खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं. वीसहून जास्त मुलं गेली. बाटली फेकू नका असं मी वर लिहिलंय ते यासाठी.

माझं मूल निरोगी आहे, त्याची माहिती आणि रक्त कशाला मागता?

तुलना करायला. सगळ्या आजारी मुलांच्या घरी गाय आहे असं दिसलं आणि गावात सगळ्यांच्याच घरी गाय असेल तर त्यातून काही सिद्ध होत नाही. त्याच वयाचं, त्याच गावचं, आजारी न पडलेलं मूल बघितल्याशिवाय फरक कळत नाही. नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, त्यावरून तुमच्या कुठल्याही उपचारात फरक पडत नाही. पण हो म्हणालात तर शेजारच्या पोरांवर उपकार होतात.

फॉगिंग करून घेतलं की झालं ना?

सोसायटीत धूर मारला की सगळ्यांना बरं वाटतं, कळतं मला. पण धूर उडणाऱ्या डासांसाठी आहे. सँडफ्लाय डासाच्या पाव आकाराची, दोन-तीन मिलीमीटर, अंगावर केस, पंख वर उभे, आणि उडते म्हणण्यापेक्षा जमिनीलगत उड्या मारते. दिवसा भिंतीच्या भेगांत, गोठ्यात, अंधाऱ्या ओल्या कोपऱ्यात बसते, संध्याकाळी बाहेर येते. पाण्यात अंडी घालत नाही, ओलसर माती, शेण, कुजका पाला यात घालते, त्यामुळे कूलरचं पाणी काढणं डेंग्यूसाठी चांगलं, इथे त्याचा काही फायदा नाही. साध्या मच्छरदाणीच्या भोकातून ती आरामात आत येते, बारीक जाळीची किंवा औषध लावलेली लागते.

कीटक पकडणारी टीम येते तेव्हा टॉर्च आणि तोंडाने ओढायची काचेची नळी घेऊन येते, पहाटे गोठ्याच्या भिंतीवर एकेक भेग बघत जातात, तासन् तास. सापडलेल्या माशा लॅबला जातात, त्यात व्हायरस आहे का बघायला.

करायचं ते हे: भिंतीच्या भेगा बुजवा, गोठा घरापासून लांब ठेवता येत असेल तर ठेवा, शेणाचा ढीग दारातून हलवा, मुलांना संध्याकाळी अंगभर कपडे घाला, जमिनीवर न झोपवता खाटेवर झोपवा. भिंतींवर सरकारी फवारणी झाली की वरून लगेच लिंपण करू नका, दिवाळी जवळ आली म्हणून करतात लोक, आणि औषध मातीखाली गाडलं जातं.

शेजारच्या मुलाला लागेल का, शाळा बंद करायची का?

चांदिपुरा आणि जपानी मेंदूज्वर माणसाकडून माणसाला लागत नाहीत, त्या घरावर बहिष्कार टाकू नका, त्यांच्या मुलीला पाणी भरायला मनाई करू नका, हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि फार त्रास होतो. गोवर, घटसर्प, मेनिंगोकोकसचा मेनिंजायटिस हे मात्र लागतात, तिथे जवळच्यांना औषध किंवा लस देतात. शाळेचं टीम सांगेल, आपल्या मनाने नको.

रात्री अचानक झटका आला तर?

कुशीवर वळवा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. आजूबाजूचं टोचणारं काढा, वेळ बघा. आणि निघा. साधा झटका असेल की नाही हे घरी ठरवू नका, विशेषतः सोबत उलट्या, जुलाब, गुंगी असेल तर. गावातल्या दवाखान्यात सलाइन लावून सकाळची वाट बघण्यात जी सहा तास जातात तीच सहा तास कामाची असतात. तापाला पॅरासिटामॉल वजनाच्या हिशोबाने चालेल, अ‍ॅस्पिरिन मुलांना नको. चांदिपुरावर खास औषध नाही, लसही नाही, पण म्हणून करण्यासारखं काही नाही असं नाही हं, झटके थांबवणं, शुगर सांभाळणं, मेंदूची सूज उतरवणं, श्वास चालू ठेवणं यावर मुलं वाचतात. जपानी मेंदूज्वराची लस जिथे सरकारी यादीत आहे तिथे चुकवू नका.

मूल गेलं तर मग तपास कशाला?

त्या घरात हा प्रश्न कुणी विचारला की मी लगेच उत्तर देत नाही. आधी बसते. नंतर, त्यांना झेपेल तेव्हा, सांगते की भाऊ-बहीण आहेत, शेजारी मुलं आहेत. पूर्ण चिरफाड न करता जाड सुईने बारीक नमुने घेता येतात, काही वेळात शरीर परत देतात, परवानगीशिवाय काही होत नाही. भरतीच्या वेळचं रक्त लॅबमध्ये उरलेलं असेल तर तेही चालतं, म्हणून हॉस्पिटलवाल्यांना विनंती असते की अशा मुलाचं सॅम्पल फेकू नका.

कळवायचं कुणाला, आणि ग्रुपवर टाकू का?

आशाबेन, पीएचसीचे म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, शहरात असाल तर महापालिकेचं अर्बन हेल्थ सेंटर. आपल्या देशात साथींवर नजर ठेवायची यंत्रणा २००४ पासून आहे, आता ती ऑनलाइन आहे, गावातली एक नोंद वरपर्यंत दिसते, आणि तुम्ही आम नागरिक म्हणून कळवलेलंही तपासलं जातं. ग्रुपवर मुलाचं नाव, फोटो, रिपोर्ट टाकू नका. कुठलं गाव, किती मुलं, कधीपासून, एवढं आरोग्यवाल्यांना सांगा.

साथ संपली हे कधी ठरवतात?

शेवटच्या केसनंतर त्या आजाराच्या सगळ्यात लांब उबवण काळाच्या (जंतू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या दिवसांच्या) दुप्पट दिवस नवीन केस आली नाही तर. तोवर रोज लाइन लिस्ट बघायची, शून्य असलं तरी शून्य लिहायचं. वाचलेल्या मुलांकडे त्यानंतर पण जावं लागतं, काहींचं चालणं, बोलणं, ऐकणं, शाळेत लक्ष लागणं यात फरक पडलेला असतो आणि फिजिओथेरपी लवकर सुरू झाली तर फायदा होतो. तुमच्या ओळखीत असं मूल असेल तर त्याला जिल्ह्याच्या अर्ली इंटरव्हेन्शन सेंटरला घेऊन जा, तिथे पैसे लागत नाहीत.